गॅसचा हिशेब भट्टीच्या दारात

जालन्यातल्या औद्योगिक प्रदूषणाचा विषय निघाला की बोलणे धुराड्यापाशी सुरू होते आणि तिथेच संपते. इंडक्शन भट्टीवरचा हुड नीट बसवला आहे का, बॅग फिल्टर रात्रीही चालू ठेवतात का, वसाहतीलगतच्या शेतांवर काजळी बसते का, हे सगळे प्रश्न रास्तच आहेत. पण या धुराच्या चर्चेत एक गोष्ट कायम निसटते. भंगार वितळवून सळई करणारे हे शहर ज्या मालावर चालते, त्या मालाच्या प्रवासात, बहुतेकदा तो जालन्याला पोचण्याआधीच, एसी, फ्रिज आणि मोटारींमधला थंडाव्याचा गॅस हवेत सोडून दिला जातो. त्याला रंग नाही, तो कुणाच्या डोळ्यांत जात नाही, म्हणून त्याची तक्रारही कुणी करत नाही. तापमानवाढीच्या हिशेबात मात्र तो कार्बन डायऑक्साइडच्या शेकडो ते हजारो पट भारी पडतो. या गॅसची काळजीपूर्वक विल्हेवाट लावण्याचे नियम देशात आहेत. ते पाळले गेले की नाही हे पाहण्याची सर्वांत सोयीची जागा भट्टीचे दार आहे आणि महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाने ही तपासणी जालन्यापासून सुरू करावी, एवढेच या लेखाचे म्हणणे आहे.

आधी हा गॅस जातो कुठे ते पाहू. जुना एसी भंगाराच्या दुकानात येतो तेव्हा दुकानदाराला रस असतो तो तांब्यात. बाहेरच्या युनिटचे झाकण उघडायचे, कॉम्प्रेसरला जोडलेली तांब्याची नळी पकडीने तोडायची, की काही सेकंद फुस्स आवाज येतो, तेलाचे चार थेंब उडतात आणि गॅस संपतो. मग तांबे एका ढिगात, ॲल्युमिनियमच्या पट्ट्या दुसऱ्या ढिगात, पत्रा आणि कॉम्प्रेसरचे कवच लोखंडात. यातल्या प्रत्येक वस्तूचे वजन होते, भाव ठरतो, हिशेब लिहिला जातो. फक्त त्या फुस्स आवाजाची नोंद कुठेच होत नाही. खरे तर रिकव्हरी यंत्र आणि रिकामे सिलिंडर हाताशी असेल तर तोच गॅस ओढून घेता येतो, शुद्ध करून पुन्हा वापरता येतो, किंवा अतिउच्च तापमानाला नष्ट करता येतो. तंत्र जुने आहे आणि एसी दुरुस्तीचा धंदा करणाऱ्या कोणत्याही शिकलेल्या कारागिराला ते ठाऊक आहे. अडचण एवढीच की गॅस वाचवणाऱ्याला त्याचे काही मिळत नाही आणि सोडून देणाऱ्याला कुणी विचारत नाही.

हे प्रमाण किती मोठे आहे ते एका ढोबळ गणितातून कळेल. इंडक्शन भट्टीत एक टन भंगार वितळवायला साधारण ६०० युनिट वीज लागते. आपल्या ग्रिडमधल्या एका युनिटमागे सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, म्हणजे टनामागे चारशे-सव्वाचारशे किलो. आता दीड टनाचा जुना एसी घ्या. त्यात एक किलोच्या आसपास आर-२२ गॅस असतो आणि या गॅसचा एक किलो शंभर वर्षांच्या हिशेबाने कार्बन डायऑक्साइडच्या १,८१० किलोंच्या बरोबरीचा मानला जातो. एक एसी असा उघडा केला की चार टनांहून अधिक भंगार वितळवण्याइतकी उष्णता वातावरणाच्या खात्यावर चढते. त्यानंतरच्या अनेक एसींमधला आर-४१०ए याहून थोडा भारीच आहे. मोटारीच्या एसीत साधारण अर्धा किलो आर-१३४ए असतो, तो सातशे किलोंच्या घरात जातो. २००३ पूर्वीच्या फ्रिजमधल्या आर-१२ ची तर गोष्टच वेगळी, त्याचा एक किलो म्हणजे १०,९०० किलो. उच्चदाब विजेच्या ब्रेकरमध्ये वापरला जाणारा सल्फर हेक्झाफ्लुओराइड २३ हजार पटींहून भारी असून शेकडो वर्षे हवेत टिकतो, आणि जुने ब्रेकरही शेवटी भंगारातच येतात. सगळ्या यंत्रांत गॅस भरलेला नसतो, काहींतला आधीच गळून गेलेला असतो, हे खरे आहे. तरीही भट्टीची वीज वाचवण्यासाठी आपण जेवढा खटाटोप करतो त्याच्या तुलनेत ही गळती रोखणे किती स्वस्त आहे, हे या आकड्यांवरून दिसते.

यावर कायदा काय म्हणतो? ओझोनच्या थराला हानी पोचवणाऱ्या पदार्थांसाठी २००० सालचे नियम आहेत. ई-कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ हे १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले आणि त्याच वर्षी त्यांत दुरुस्ती करून आयुष्य संपलेल्या शीतयंत्रांमधल्या गॅसची सुरक्षित आणि हिशेबी विल्हेवाट लावण्याची जबाबदारी उत्पादक व पुनर्वापर करणाऱ्यांवर टाकण्यात आली. जुन्या वाहनांसाठीचे नियम १ एप्रिल २०२५ पासून अमलात आले. या शेवटच्या नियमांत एक गोम आहे. वाहन कंपनीने आपली जबाबदारी किती पार पाडली हे भंगारातून परत मिळवलेल्या पोलादाच्या वजनावरून ठरते. वाहन मोडण्याआधी त्यातले तेल, द्रव आणि गॅस काढून घ्यायचे हे नोंदणीकृत केंद्राला बंधनकारक आहे, पण प्रमाणपत्र मिळते ते पोलादावर. लोखंड मोजायचे आणि गॅस न मोजताच सोडून द्यायचा, ही भंगार दुकानातली रीत अशी थेट सरकारी नियमांत उतरली आहे. ज्याची मोजदाद होते त्याचीच काळजी घेतली जाते, हा व्यवहार आपण सगळे ओळखून आहोत.

नियम नुसते असून भागत नाही आणि अंमलबजावणी झाली की फरक पडतो, याचा पुरावा या वायूंच्याच इतिहासात आहे. सीएफसी-११ या वायूच्या उत्पादनावर २०१० पासून जगभर बंदी आहे. तरीही हवेतले त्याचे प्रमाण अपेक्षेइतके घटत नाही, असे २०१८ मध्ये शास्त्रज्ञांनी दाखवून दिले. दक्षिण कोरिया आणि जपानमधल्या निरीक्षण केंद्रांवरच्या नोंदींतून पुढच्याच वर्षी माग लागला: वाढलेल्या उत्सर्जनातला मोठा वाटा पूर्व चीनमधल्या शांडोंग आणि हेबेई प्रांतांतून येत होता. त्यानंतर तिथे छापे पडले, कारखान्यांवर कारवाई झाली, आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांत उत्सर्जन पुन्हा खाली आल्याचे नोंदवले गेले. बंदी तीच होती आणि कारखानेही त्याच धंद्यातले होते. मधल्या काळात बदलले ते इतकेच की कुणीतरी मोजले आणि कुणीतरी जाऊन पाहिले.

दुसरे उदाहरण आपल्याच देशातले आहे. आर-२२ तयार करताना एचएफसी-२३ हा वायू आपोआप तयार होतो आणि तो कार्बन डायऑक्साइडच्या १४,८०० पट भारी आहे. तो जाळून टाकण्याचा खर्च किरकोळ. क्योटो करारातल्या कार्बन क्रेडिटच्या व्यवस्थेत मात्र तो जाळल्याबद्दल कंपन्यांना प्रचंड कमाई होऊ लागली. गुजरातमधल्या रणजितनगरचा प्रकल्प अशा जगातल्या पहिल्या काही प्रकल्पांपैकी एक होता. पुढे युरोपने २०१३ पासून ही क्रेडिट घेणे बंद केले आणि जाळण्यामागची कमाईच संपली. तेव्हा ऑक्टोबर २०१६ मध्ये एचएफसी गटातले शीतवायू घटवण्यासाठी किगाली इथे वाटाघाटी चालू असताना केंद्र सरकारने देशातल्या उत्पादकांना हा वायू स्वखर्चाने नष्ट करण्याचा आदेश दिला. कमाई असेल तरच जाळू, ही भूमिका एका आदेशाने मोडीत निघाली. पण गोष्ट इथे संपत नाही. चीन आणि भारत या दोन्ही देशांनी २०१७ पर्यंत हा वायू जवळजवळ थांबवल्याचे कळवले असताना, २०१८ मध्ये जगभरातले त्याचे उत्सर्जन तोवरच्या उच्चांकावर होते, असे २०२० मधल्या एका शोधनिबंधाने दाखवले. यात कुणाचा वाटा किती, यावर वाद होऊ शकतो. आदेश काढणे आणि आदेश पाळला गेल्याची स्वतंत्र खातरजमा करणे ही दोन वेगळी कामे आहेत, यावर वाद होण्याचे कारण नाही.

आता जालन्याकडे येऊ. एसी आणि फ्रिज मोडणारे हात राज्यभर हजारो गल्ल्यांत विखुरलेले आहेत. प्रत्येक दुकानापर्यंत पोचणारी यंत्रणा कोणत्याही सरकारकडे नाही आणि ती उभी राहिली तरी हप्त्यापलीकडे तिचा उपयोग होईल अशी खात्री कुणी देणार नाही. पण या हजारो दुकानांतले लोखंड शेवटी मोजक्या भट्ट्यांत जमा होते. मराठवाड्यातल्या भंगाराचे मोठे मुक्कामाचे ठिकाण जालना आहे. तपासणी करायची तर ती साखळी जिथे अरुंद होते तिथेच करावी, हे साधे प्रशासकीय शहाणपण आहे, आणि दुसऱ्या देशांनी ते वापरलेले आहे. अमेरिकेत १९९० च्या दशकापासून असा नियम आहे की फ्रिज, एसी किंवा मोटारीच्या विल्हेवाटीच्या साखळीतल्या शेवटच्या व्यक्तीने, म्हणजे भंगार प्रक्रिया करणाऱ्याने, गॅस स्वतः काढून घ्यावा किंवा तो आधीच काढल्याचे सही केलेले निवेदन पुरवठादाराकडून घ्यावे. जपानने २०१९ मध्ये कायदा आणखी घट्ट केला. व्यावसायिक एसी आणि शीतयंत्रांतला गॅस काढल्याची खात्री पटल्याशिवाय भंगारवाल्याने ते यंत्र स्वीकारायचेच नाही, अशी तरतूद तिथे २०२० पासून लागू आहे.

भंगाराला कसले कागद मागता, असा पहिला आक्षेप येईल. पण भट्टीवाले कागद आजही मागतात. भंगारातून काय येऊ शकते ते सगळ्यांना ठाऊक आहे: एप्रिल २०१० मध्ये दिल्लीच्या मायापुरी भंगार बाजारात कोबाल्ट-६० हा किरणोत्सारी पदार्थ सापडला आणि त्यात एकाचा जीव गेला. अनेक देशांतून येणाऱ्या सुट्या भंगाराला जहाजात चढवण्यापूर्वी तपासणी झाल्याचे प्रमाणपत्र लागते, त्यात किरणोत्साराची तपासणीही असते. बंद डबे, सिलिंडर, ओलसर माल भट्टीत गेला तर स्फोट होतो, म्हणून चांगल्या कारखान्यात भंगार यार्डात माणसे उभी राहून माल निवडतात. म्हणजे दारात माल अडवण्याची सवय आणि त्यासाठीची माणसे, दोन्ही आहेत. त्यात एका रकान्याची भर घालायची आहे. ही अट सगळ्या भंगारालाही नको. पाडलेल्या इमारतींचे गज, कारखान्यांतली कातण, जहाजांच्या प्लेटा यांचा गॅसशी संबंध नाही. अट हवी ती कॉम्प्रेसर, शीतयंत्रांचे सांगाडे, मोटारींच्या बॉडी आणि जुने ब्रेकर एवढ्यापुरती. नवा कायदाही लागणार नाही. हवा कायदा, १९८१ खाली मंडळ प्रत्येक भट्टीला जे संमतीपत्र देते त्यात अटी घालण्याचा अधिकार त्याला आहेच. मंडळाचे उपप्रादेशिक कार्यालय जालन्यात आहे. पुढच्या नूतनीकरणापासून एक अट वाढवली तरी काम सुरू होते.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. आपल्याकडे कागद मिळवणे अवघड नसते, खरा कागद मिळवणे अवघड असते. प्लास्टिक कचऱ्याच्या बाबतीत लाखांच्या संख्येने बनावट प्रमाणपत्रे निघाल्याचे २०२३ मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळालाच आढळले होते आणि त्यात महाराष्ट्रातल्या संस्थाही होत्या. राज्य मंडळांमध्ये देशभरात निम्म्याच्या आसपास पदे रिकामी आहेत. अशा स्थितीत नवी अट म्हणजे नवी चिरीमिरी, असे उद्योजक म्हणतील तर त्यांना खोटे ठरवता येणार नाही. म्हणूनच अंमलबजावणी कशी करायची हे अटीइतकेच महत्त्वाचे आहे. गुजरातमध्ये २००९ ते २०११ या काळात झालेला एक प्रयोग इथे मार्गदर्शक ठरावा. तिथे कारखाने स्वतःच लेखापरीक्षक निवडत आणि त्याचे पैसेही स्वतः देत. तेव्हा अहवालांतले आकडे संशयास्पदरीत्या मर्यादेच्या जरासे खाली येत. मग काही कारखान्यांना परीक्षक चिठ्ठी टाकून नेमून दिले, त्यांना पैसे सामाईक निधीतून दिले आणि काही तपासण्या पुन्हा करून पाहिल्या. खोटे अहवाल एकदम घटले आणि त्या कारखान्यांनी प्रदूषणही कमी केले. त्याच राज्यात नुसत्या तपासणीच्या फेऱ्या दुप्पट करून पाहिल्या तेव्हा मात्र प्रदूषणात फारसा फरक पडला नव्हता. पुढे २०१९ पासून सुरतेत धूलिकणांच्या उत्सर्जनाचा बाजार सुरू झाला. सतत मोजणारी यंत्रे आणि मर्यादा ओलांडली की ठरलेला दंड, यामुळे उत्सर्जन २० ते ३० टक्क्यांनी घटल्याचे अभ्यासकांनी नोंदवले. निरीक्षक वाढवण्यापेक्षा मोजणाऱ्याचे हितसंबंध बदलणे अधिक कामी येते, हा या सगळ्याचा निष्कर्ष आहे.

गॅसच्या बाबतीत खोटेपणा पकडणे तर धुरापेक्षाही सोपे आहे, कारण इथे वजनाचा ताळा जुळवता येतो. एका भट्टीने वर्षात किती कॉम्प्रेसर घेतले हे तिच्या खरेदीच्या नोंदीत आणि जीएसटीच्या बिलात असते. त्यामागे किमान किती गॅस हाती लागायला हवा होता याचा अंदाज, गळून गेलेला भाग वजा करूनही, बांधता येतो. पुरवठादारांनी तेवढा गॅस नोंदणीकृत केंद्रावर जमा केल्याची पावती आहे का, हे संगणक सांगेल. हजार कॉम्प्रेसरमागे दहा किलो गॅस दाखवला असेल तर त्या पुरवठादाराकडे माणूस पाठवावा, इतरांकडे पाठवण्याची गरज नाही. रिकाम्या पदांच्या मंडळालाही हे जमण्यासारखे आहे. दंडाचीही सोय आहे. जनविश्वास कायद्याने हवा कायद्यातल्या अनेक उल्लंघनांसाठी तुरुंगवासाऐवजी १० हजार ते १५ लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद केली आहे. तुरुंगाची भीती घालून खटले वर्षानुवर्षे रखडवण्यापेक्षा, लवकर आणि नक्की होणारा दंड अधिक धाक निर्माण करतो. अर्थात तो लावला गेला तरच.

तिसरा आक्षेप धंद्याचा. जालन्याच्या सळईला छत्तीसगडच्या आणि इतर राज्यांच्या मालाशी टक्कर द्यावी लागते, विजेचा दर आधीच कंबर मोडतो, आणि इथे अट घातली तर भंगार रायपूरकडे वळेल. यातला शेवटचा भाग खरा आहे, म्हणून ही अट कायम एकट्या जालन्यावर ठेवता येणार नाही. हवा कायद्याच्या कलम १८ खाली केंद्रीय मंडळ सगळ्या राज्य मंडळांना निर्देश देऊ शकते. जालन्यात वर्षभर चालवून पाहिलेली पद्धत त्या निर्देशाचा पाया व्हावी. खर्चाचे मात्र नीट पाहिले पाहिजे. गॅस काढण्याचा खर्च भट्टीने करायचा नाही. विस्तारित उत्पादक जबाबदारीच्या तत्त्वानुसार तो एसी आणि मोटारी विकणाऱ्या कंपन्यांचा आहे. देशात दरवर्षी एक कोटीहून अधिक एसी विकले जातात, तिथे नगामागे लागणारी ही रक्कम ग्राहकाच्या लक्षातही येणार नाही. भट्टीने करायचे ते पावती मागण्याचे काम. शिवाय आर-२२ चे उत्पादन २०३० पर्यंत जवळजवळ बंद व्हायचे आहे. जुने एसी मात्र त्यानंतरही चालतील, म्हणजे जमा झालेल्या गॅसला बाजारात भाव येणार आहे.

या भावातला वाटा गल्लीतल्या भंगारवाल्याला मिळाला पाहिजे. चौथा आक्षेप त्याच्याच बाजूचा आहे: पोट हातावर असलेल्या माणसाला नियमांच्या कचाट्यात का अडकवता? उत्तर असे की त्याला दंड करण्याची गरजच नाही. तांब्याला भाव आहे म्हणून तो नळी तोडतो. भरलेल्या सिलिंडरला भाव मिळाला तर तो नळी तोडण्याआधी यंत्र लावेल. शीतकरणाच्या राष्ट्रीय कृती आराखड्यात २०१९ मध्येच एक लाख तंत्रज्ञांच्या प्रशिक्षणाचे उद्दिष्ट ठेवले होते. आयटीआयमधून रेफ्रिजरेशनचा ट्रेड शिकलेल्या तरुणांना तालुक्याच्या गावी फिरते रिकव्हरी युनिट चालवायला दिले, तर भंगारवाल्याला यंत्रही विकत घ्यावे लागणार नाही. जो गॅस पुन्हा वापरण्यासारखा नसेल तो सिमेंटच्या भट्टीत नष्ट करता येतो. ही पद्धत ओझोनच्या रक्षणासाठीच्या माँट्रियल कराराच्या मान्य यादीत आहे आणि आवश्यक ती यंत्रणा बसवली तर चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिमेंट कारखान्यांतही तिचा विचार होऊ शकतो.

शेवटचा आक्षेप तत्त्वाचा आहे आणि तो सर्वांत जास्त वेळा ऐकू येतो. वातावरण बिघडवले श्रीमंत देशांनी, मग आपणच का घाई करायची? माँट्रियल कराराच्या किगाली दुरुस्तीत भारताने एचएफसींचा वापर गोठवण्यासाठी २०२८ पर्यंतची मुदत मिळवली आणि ८५ टक्के कपातीसाठी २०४७ साल पदरात पाडून घेतले, ते योग्यच झाले. विकासासाठी वीज लागते, पोलाद लागते, थंडावाही लागतो, आणि त्यासाठी होणाऱ्या उत्सर्जनाचा बचाव करता येतो. पण भंगार दुकानात सोडून दिलेल्या गॅसने कुणाचे घर थंड होत नाही, एक युनिट वीज मिळत नाही, एक किलो सळई जास्त तयार होत नाही. ज्यातून कुणालाच काही मिळत नाही अशा उत्सर्जनासाठी न्यायाचा दाखला देणे म्हणजे त्या दाखल्याचीच किंमत कमी करणे. आणि या जिल्ह्याला तापमानाशी खेळणे परवडणारे नाही. २०१२-१३ च्या दुष्काळात इथल्या मोसंबीच्या बागा वाळल्या, शहराला आठवडे-आठवडे नळाची वाट पाहावी लागली. तो दुष्काळ एकट्या तापमानवाढीने आणला असे कुणी म्हणू नये. पण उष्णता वाढली की जमिनीतली ओल लवकर उडते आणि पाऊस तेवढाच पडला तरी पीक कमी तगते, हे शेतकऱ्याला वेगळे सांगायला नको. आर-२२ आणि आर-१३४ए सारख्या वायूंचे हवेतले सरासरी आयुष्य दहा-पंधरा वर्षांचे असते. म्हणजे आज रोखलेल्या गळतीचा फायदा आजच्या शेतकऱ्याच्या हयातीत मिळू शकतो. कार्बन डायऑक्साइडच्या बाबतीत असे म्हणता येत नाही.

त्यामुळे मंडळापुढचे काम ठरवून देण्याइतके लहान आहे. जालन्यातल्या भट्ट्यांच्या संमतीपत्रात चार प्रकारच्या भंगारासाठी गॅस काढल्याच्या पावतीची अट घालावी. पावत्यांची पडताळणी करणारे परीक्षक चिठ्ठी टाकून नेमावेत आणि त्यांचे मानधन उत्पादकांच्या निधीतून द्यावे. कोणत्या भट्टीने किती कॉम्प्रेसर घेतले आणि त्यामागे किती किलो गॅस जमा झाला, हा तक्ता दर तिमाहीला मंडळाच्या संकेतस्थळावर टाकावा, म्हणजे पत्रकार आणि प्रतिस्पर्धी कारखानदार दोघेही तो तपासतील. केंद्राने वाहनांच्या नियमांत पोलादाबरोबर गॅसचे वजनही प्रमाणपत्रासाठी मोजावे. यातल्या पहिल्या तीन गोष्टींसाठी दिल्लीची वाट पाहावी लागत नाही. संमतीपत्रांचे नूतनीकरण तसेही होणारच आहे. त्या कागदावर ही अट येते की नाही, एवढ्यावरून मंडळाला हा न दिसणारा धूर दिसतो की नाही ते कळेल.